पहिल्या खोलीतला बाक

दि. ४, मंगळवार
झेरॉक्सचं दुकान, दुपार

मुंगे,

'प्रिय' गाळलंय. विसरून नाही, ठरवून.

तू बरी असशील. घरचे बरे असतील. आमच्याकडे आईचा गुडघा दुखतो, बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात ('त्याला सांग, आंघोळीचं पाणी तापलंय', आणि मी समोरच उभा), म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. खुशाली संपली. आता भांडायला मोकळा.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. कबूल, मेसेज जरा जास्त गेले असतील. पण कागद ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या मावशीच्या शिलाईच्या दुकानात ठेवून जातोय. मावशी तोंडातल्या टाचण्या न काढताच हसणार, माहितीये मला. हसू दे.

रविवारी मी आपला गेम उघडला. हो, त्या शेअर्ड फोल्डरमध्ये मी अजून आहे. मला तिथून काढायला तुम्ही लोक विसरलात. शनिवारच्या प्रदर्शनासाठी काय काय रंगरंगोटी केलीत ते बघावं म्हटलं. सगळा गेम दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, थेट नवव्या खोलीत गेलो, विहिरीवरून उडी मारली, गेम संपला आणि नावांची यादी आली. चित्रं: तुझं नाव. ठीक. प्रोग्रॅमिंग: माझ्या जागी घेतलेल्या चष्मिषचं नाव. आडनावासकट!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. समोर एक बाई आधारकार्डासारखं कसलंसं कार्ड घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या एकाच कार्डाच्या मी ढीगभर प्रती काढल्या. मालक काका ओरडले, 'अरे, त्यांना एक हवी होती, गावभर वाटायच्या नाहीयेत!'

चष्मिषने काय केलं सांग ना त्या गेममध्ये? आपल्या हिरोला, कंदील्याला, चालायला कुणी शिकवलं? कंदिलाचा उजेड भिंतीच्या कोपऱ्यावर वळतो, ते गणित कुणाचं? पाचव्या खोलीतली खोटी भिंत?

ती भिंत तरी आठवते का तुला? लॅबच्या मागच्या बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, गेममधली भिंत म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक तिचं चित्र. आणि दुसरं एका प्रश्नाचं उत्तर: आड येते का, हो की नाही? चित्र तसंच ठेवायचं आणि उत्तर 'नाही' करायचं, की खेळणारा भिंतीतून आरपार. तू नेहमीसारखी बराच वेळ गप्प बसलीस आणि मग म्हणालीस, 'म्हणजे उलटही होईल. चित्र नाही, पण आड येते.' मी म्हणालो, होईल की. 'मग ती तू आहेस,' तू म्हणालीस. मी तासभर फुगून बसलो होतो. तेव्हाच तू माझं नाव स्टोव्ह ठेवलंस. आधी फुसफुस, मग भडका.

गुपितं लपवायला तुला मी शिकवलं, मुंगे. तुला फक्त रंगाचे ठिपके मांडता यायचे, एकेक ठिपका, साखरेचे दाणे वाहिल्यासारखा. तुझी ती मोजणी आठव. कुणी बटण दाबलं की आकडा शून्यावर, नाही दाबलं की वाढत जायचा, आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की कंदील्या कंटाळून डोकं खाजवणार. मी सांगितलं, तू लिहिलंस, आणि शून्यावर आणायची ओळच विसरलीस. कंदील्या पळतानाही डोकं खाजवायचा, उडी मारतानाही, विहिरीत पडतानाही. केवढे हसलो होतो! लॅबवाल्याने बाहेर काढलं आपल्याला. पायऱ्यांवर बसून तू म्हणालीस, 'मला ही मोजणी फार आवडली. काहीच न करणाऱ्याला काहीतरी मिळतं.' मी म्हणालो, काहीच न करणारा माणूस गेम खेळेल कशाला?

ह्या सगळ्याचं बक्षीस म्हणजे चष्मिषचं आडनाव.

कॉलेज मी सोडलं. मला काढलेलं नाही. कुणी विचारलं तर हे असंच सांगायचं.

शनिवारच्या आत यादीत माझं नाव यायला हवं. विनंती नाहीये ही.

रागावलेला (ओळख पटवायला एवढं पुरे),
स्टोव्ह


दि. ६, गुरुवार
तेच दुकान

मुंगे,

ह्या वेळी खुशालीसुद्धा विचारणार नाही.

काल मावशीकडे उत्तर आणायला गेलो. कागदाचा चिटोरा तरी असेल म्हणून. मावशी कुणाच्या तरी बाह्या उसवत होत्या. म्हणाल्या, 'लिहून काही दिलं नाही बाबा तिने. एवढंच म्हणाली, त्याला सांग, गेम सुरुवातीपासून खेळून बघ म्हणावं.'

'बस? एवढंच?'

'एवढंच. आणि जाताना पंख्याखाली उभा राहा दोन मिनिटं, कान लाल झालेत तुझे.'

सुरुवातीपासून खेळून बघ! मला सांगतेस? ज्याने लिहिला त्याला? मी पहिली खोली कधीच खेळत नाही, तुला चांगलं माहितीये. कुणीच प्रोग्रॅम लिहिणारा खेळत नाही. ज्या खोलीत बिघाड असेल तिथे थेट पोचायला मी चोरबटण ठेवलेलं आहे, ते दाबायचं आणि कामाला लागायचं. पहिल्या खोलीत आहे काय? एक बाक, एक ठिबकणारा नळ आणि एक दार, तेही सताड उघडं. मी तेव्हाच म्हणालो होतो, बाक कशाला, कंदील्या बसत तर नाही. तू म्हणालीस, 'असू दे.' तुझं हे 'असू दे' डोक्यात जातं माझ्या.

आता काढलाच आहेस विषय तर सुरुवातीपासूनच खेळू.

त्या दिवशी सर आपल्या टेबलापाशी आले. चहाचा कप हातात. गेम बघितला, खूश झाले, आणि विचारलं, 'छान आहे. हे लिहिलं कुणी?' माझ्याकडे बघून नाही, तुझ्याकडे बघून विचारलं. कारण मी म्हणजे मागच्या परीक्षेत दांडी गुल झालेला, आणि तू पहिल्या बाकावरची. आणि तू गप्प. मुंगे, तू गप्प होतीस! दोन शब्द होते. 'ह्याने लिहिलं.' तेवढे फुटले नाहीत तोंडातून. मग सरच म्हणाले, 'संकोच कसला, तूच लिहिला असशील तर सांग की.'

पुढचं तुला पाठ असेल. मी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. बटणं उडाली, एक सरांच्या चहात पडलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. माफीचं पत्र दे म्हणाले, मी देणार नाही म्हणालो. देईपर्यंत गेटच्या आत पाय ठेवायचा नाही म्हणाले, मी म्हणालो, ठेवतो कोण!

तर, कॉलेज मी असं सोडलं. पत्र एका पानाचं होतं. आई अजून म्हणते, 'एक पान, रे. एक पान लिहिलं नाहीस.' आणि इथे बघ, तुला पानंच्या पानं लिहितोय.

मला वाटलं होतं तू मागे येशील. पायऱ्यांपर्यंत तरी. मी गेटबाहेरच्या टपरीवर उभा होतो. तू आली नाहीस, आणि आठवड्याच्या आत चष्मिष माझ्या खुर्चीत.

आणखी एक सांगतो, आता काय फरक पडतोय. नवव्या खोलीत विहिरीच्या मागे मी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलं होतं. लपवून. दोर तीनदा ओढला की उघडणारं. बरेच दिवस होतं ते तिथे. पण तू कधी नवव्या खोलीपर्यंत पोचलीच नाहीस, कायम सहाव्या खोलीतल्या काट्यांवर मरायचीस, आणि मीच ते काटे एवढे दाट लावले होते, हा माझा मूर्खपणा. असो. ते आता तिथे राहणार नाही. आज संध्याकाळी फोल्डरमध्ये शिरणार आहे, आणि त्या विहिरीपाशी असं काही ठेवणार आहे की शनिवारी परीक्षक तिथे पोचले की सगळ्या दालनाला वाचता येईल. मोठ्या लाल अक्षरांत. तू गप्प राहिलीस ना? मग गेमच बोलेल.

तुझा नाही, कुणाचाच नाही,
स्टोव्ह


दि. ८, शनिवार
कॉलेजच्या गेटसमोर, सकाळ

मुंगे,

सोबत गुरुवारचं पत्र जोडलंय. ते तुला मिळालेलं नाही. मावशीच्या दुकानाला कुलूप होतं, त्यामुळे खिशातच राहिलं. फाडणार होतो. पण फाडलं तर मी काय केलं ते तुला कळणार नाही, आणि ते आज, प्रदर्शन सुरू व्हायच्या आत कळलंच पाहिजे. म्हणून आधी कामाचं.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नवव्या खोलीची फाइल उघड. त्यात 'विहीर' शोध. 'विहिरीजवळ आला का' असं विचारणारी ओळ दिसेल, तिच्यापासून खाली 'लाल' शब्द असलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पुसून टाक. सगळं. एकही ओळ ठेवू नकोस. मग गेम पुन्हा सुरू करून चोरबटणाने नवव्या खोलीत जा (शिफ्ट आणि नऊ एकत्र दाब) आणि विहिरीपाशी उभी राहून बघ. पडदा काळा झाला नाही तर सुटलीस. झाला तर वरून पुन्हा शोध.

हे आधी कर, मग पुढचं वाच.

केलंस?

मी तिथे काय लिहिलंय ते तू पुसताना वाचलं असशीलच. 'चोर.' आणि त्याखाली तुझं नाव. ते लपवलेलंही नव्हतं. गुपित ठेवायला अक्कल लागते, शिवी द्यायला नुसतं बोट लागतं. मीच पुसलं असतं, पण काल दुपारी तुम्ही गेम जमा केलात आणि फोल्डर बंद झालं. संध्याकाळी शिरायला गेलो तर 'प्रवेश नाही'. आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामासाठी शिरत होतो, तेव्हाच दार बंद.

तुझ्या घरीही आलो होतो. तुझ्या बाबांनी अर्धंच दार उघडलं.

'कोण?'

'मी, हिच्या कॉलेजातला.'

'कीबोर्डवाला का?'

'हो.'

दार लागलं. आतून आवाज आला, तू कॉलेजातच आहेस, टेबल मांडतेयस.

आता मला ते पुसावंसं का वाटलं ते सांगतो. आणि सांगताना पुन्हा भडकणार आहे, कारण मी अजून तुझ्यावर भयंकर चिडलेला आहे, हे लक्षात ठेव.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी प्रिंटरचा रूळ काढून पुसत होतो, कोपरापर्यंत शाई. आणि तोंडाने तुझा आणि चष्मिषचा उद्धार चालू. काका कंटाळले. म्हणाले, 'आठवडाभर ऐकतोय तो गेम गेम. दाखव तरी मला.' मी म्हटलं, कॉम्प्युटरवर आहे, उघडा तुम्हीच, माझे हात खराब आहेत. काकांना हिशेबाखेरीज कीबोर्डला हात लावायची भीती. त्यांनी एका बोटाने गेम सुरू केला, कंदील्याला दोन पावलं चालवलं, बाकाला धडकवलं आणि विचारलं, 'आता?' तेवढ्यात कुणीतरी पासपोर्ट फोटोला आलं. काका उठून गेले. फोटो काढला, कापला, गिऱ्हाइकाशी गप्पा मारल्या. गेम तसाच चालू.

परत येऊन म्हणतात, 'ही कोण रे बाई येऊन बसली?'

'काका, त्या खोलीत कुणी नाहीये. मी लिहिलाय तो गेम.'

'मग ही काय माझी आत्या आहे?'

मी येऊन बघितलं. कंदील्या बाकावर बसला होता. मुंगे, तो बसतो हे मला माहीत नव्हतं! मी बनवला त्याला, आणि तो बसतो हे मला माहीत नव्हतं. कंदील खाली ठेवलेला. आणि शेजारी दोन वेण्यांची, एवढीशी, पाय न टेकणारी एक मुलगी. खाली एकेक अक्षर उमटत होतं. 'आ', 'आला', 'आलास?' किती सावकाश उमटतात ती अक्षरं, तुझ्या बोलण्यासारखी! मला राहवलं नाही. सवयीने पुढे ढकलायला मी बटण दाबलं.

सगळं गेलं. आकडा शून्यावर. कंदील्या उभा, बाक रिकामा, नळ ठिबकतोय. ह्या वेळी तू ती ओळ विसरली नव्हतीस.

काकांनी माझ्या हातावर फटका मारला. 'तुला धीर म्हणून नाहीच! हात मागे बांध.' मी खरंच हात मागे बांधून उभा राहिलो, शर्टाला मागून सगळी शाई. कंदील्याने डोकं खाजवलं. मला वाटलं झालं. नाही. तू आकडा त्याच्या कितीतरी पुढे ठेवलायस. पुन्हा डोकं खाजवलं. एवढा वेळ काहीही न करता मी शेवटचा कधी उभा होतो, आठवत नाही. बोटं शिवशिवत होती. मध्येच फोन वाजला, काकांनी कापला. मग कंदील्या आपणहून बाकाकडे वळला, बसला, आणि दारातून ती आली.

'आलास? बस.'

'हा गेम स्टोव्हने लिहिलाय. कॉलेज सोडलेल्याचं नाव यादीत चालत नाही म्हणाले. म्हणून इथे लिहिलं.'

'सरांनी विचारलं तेव्हा मी सांगणारच होते. मला बोलायला वेळ लागतो. तुला माहीत होतं.'

'लगेच उठू नकोस.'

पुढे काही नाही. दोघं बसलेली. नळ ठिबकतो. काका म्हणाले, 'चांगला आहे रे गेम. ह्यात मारामारी नाही का?'

मी फाइल उघडून तारीख बघितली. मी गेट सोडलं त्याच आठवड्यात तू ते लिहिलंयस. चष्मिष येण्याच्याही आधी. त्यानंतर मी तुला ते मेसेज पाठवले. सगळे. ते आठवले की कान लाल होतात, आणि इथे पंखाही नाही.

पण थांब, मी विरघळलोय असं समजू नकोस. मला सांग, एवढं लिहायला आलं, बाक आला, वेण्या आल्या, आणि ब्लॉक करायच्या आधी एक ओळ सरळ पाठवता आली नाही? 'पहिल्या खोलीत बघ.' एवढंच! मी तुला गुपित लपवायला शिकवलं, ते ज्याच्यासाठी आहे त्यालाच सापडू नये असं नव्हे! बरं, लपवलंस कुठे, तर जिथून मी कधी जातच नाही तिथे, आणि उघडायचं कसं, तर जे मला जन्मात जमत नाही ते करून. हा छळ आहे. मुद्दाम केलेला, एकेक ठिपका वेचून केलेला छळ. आणि मावशीकडून निरोप धाडलास, तोही कसा, तर कोड्यासारखा. मी खेळलो नाही, हे माझंच चुकलं, माहितीये. ते तू बोलून दाखवू नकोस, मी बोललोय.

सरांनी विचारलं आणि तू गप्प होतीस, असं मी महिनोन्महिने सगळ्यांना सांगत फिरलो. काल हात मागे बांधून उभा असताना पहिल्यांदा मोजलं मनात. त्या दिवशी मी तुला दिला तेवढ्या वेळात तू नुसता श्वास घेतेस. भिंतीचं ऐकून 'म्हणजे उलटही होईल' म्हणायला तुला त्याच्या दहापट वेळ लागला होता.

आता शेवटचं. तू 'लाल' शब्दापर्यंतचं पुसलंस, त्याच्या खाली आणखी काही ओळी आहेत. प्रत्येकीच्या पुढे खूण टाकून त्या मी बंद करून ठेवल्यात. जुनं गुपित आहे ते, दोर तीनदा ओढला की उघडणारं. गुरुवारी तेही पुसायला बसलो होतो. पुसलं नाही. रागात होतो, तरी हात धजला नाही. त्यात काय लिहिलंय ते इथे लिहीत नाही. खुणा काढल्यास की दिसेल. आज काढू नकोस, परीक्षक बघतील. नंतर कधीतरी काढ. नाही काढल्यास तरी गेम चालतो.

वॉचमनमामा मला आत सोडत नाहीत. 'तुझा फोटो लावायचा बाकी आहे फक्त,' म्हणाले. पण हे पत्र ते स्वतः तुझ्या टेबलावर नेऊन देणार आहेत, तसा शब्द घेतलाय. दुसरं एक पाकीटही त्यांच्याकडे दिलंय, सरांसाठी. एका पानाचं. तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा जमलं. चहाचाही उल्लेख केलाय. ते तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस, आईसाठी केलंय. थोडं तुझ्यासाठी.

गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे एक बाक आहे. इतकी वर्षं होता म्हणे, मला काल-परवापर्यंत दिसला नव्हता. तिथे बसतोय. मामांना सांगितलंय, आत येणार नाही, ओरडणार नाही, कुणाचं काही आपटणार नाही. ते म्हणाले, 'बघू किती वेळ टिकतोस.'

ते लाल अक्षर वाचून तुला यायचंच नसेल, तर नको येऊस. चिडायचा हक्क आता तुझाही आहे, आणि माझ्यापेक्षा मोठा आहे. यायचं असेल तर मात्र घाई करू नकोस. आधी विहीर तपास. परीक्षकांना गेम दाखव. सगळं आवर.

मी बटणाला हात लावत नाहीये.

बसलेला,
स्टोव्ह